जुन्या संगणक-केबलींची ओळख

जुन्या संगणक-केबलींची ओळख : वापरातून गेलेल्या संगणकाची, प्रिंटरची किंवा नेटवर्कची केबल हाती आल्यावर ती कशाची आहे, तिच्यातल्या तारा कशा जोडलेल्या आहेत आणि आज ती कोणत्या यंत्राला बिनधोक लावता येईल, हे ठरविण्याची रीत. इंदूरसारख्या व्यापारी शहरात या माहितीची गरज वारंवार पडते. सियागंजातल्या पेढ्या, वाहतूकदारांची ऑफिसे, हिशेबनिसांच्या कचेऱ्या आणि शिकवणीवर्ग यांतून संगणकांच्या कित्येक पिढ्या आल्या नि गेल्या. यंत्रे भंगारात निघाली, केबली मात्र ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून खोक्यात राहिल्या. जुन्या मराठी घरांच्या माळ्यावरही असे एखादे खोके असते. दिवाळीच्या साफसफाईत ते खाली उतरते आणि त्यातले काय ठेवायचे व काय ई-कचऱ्यात द्यायचे, हा निर्णय घाईघाईत घेतला जातो. घाईत चुका होतात, आणि त्या दोन्ही बाजूंनी होतात : कामाची वस्तू जाते आणि निरुपयोगी राहते.

कनेक्टर बसला म्हणजे केबल बरोबर, हा समज या विषयात सर्वांत घातक आहे. उत्पादकांनी बाजारात तयार मिळणारा एकच कनेक्टर परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक कामांसाठी वापरला, त्यामुळे आकार सारखा आणि आतला व्यवहार वेगळा, अशी स्थिती पदोपदी आढळते. म्हणून आधी पिना व त्यांच्या ओळी मोजाव्यात, कनेक्टर नर (पिनांचा) की मादी (छिद्रांचा) ते पाहावे, मग केबलीच्या अंगावरची छपाई वाचावी, आणि तरीही शंका उरली तर मल्टीमीटर (विजेची मापे घेणारा मीटर) हाती घ्यावा.

सर्वांत अधिक गोंधळ इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराच्या कनेक्टरांमुळे होतो. हे घराणे कॅनन कंपनीने १९५२ साली आणले; इंदूरची गोविंदराम सेकसरिया तंत्रशिक्षण संस्थाही त्याच वर्षीची, यावरून या घडणीचे वय ध्यानात यावे. मूळ नामकरणात ‘डी’नंतरचे अक्षर कवचाचे माप सांगते : ‘ए’ म्हणजे १५ पिनांचे, ‘बी’ २५, ‘सी’ ३७, ‘डी’ ५० आणि ‘ई’ ९ पिनांचे. त्या हिशेबाने नऊ पिनांच्या कनेक्टरला ‘डीई-९’ म्हणायला हवे. पण सर्वत्र ‘डीबी-९’ हेच नाव रुळले आहे आणि दुकानात तेच वापरणे सोयीचे.

२५ पिनांचा कनेक्टर नीट पाहण्यासारखा आहे. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीवर २५ पिनांचा नर पोर्ट (केबल लावायची जागा) सिरियलचा, म्हणजे माहिती एकेक बिट ओळीने पाठविणारा, होता आणि २५ छिद्रांचा मादी पोर्ट प्रिंटरचा, म्हणजे पॅरललचा (अनेक बिट एकदम पाठविणारा). सिरियलच्या तारांवर अधिक-उणे १२ व्होल्टांच्या आसपासचे संदेश धावतात, पॅरलल पोर्ट ५ व्होल्टांवर चालतो. नर-मादी बदलणारा जोडकनेक्टर लावून एक दुसऱ्यात खुपसला तर पोर्ट जळू शकतो. ॲपलने मॅकिंटॉशवर याच २५ छिद्रांतून स्कझी (हार्ड डिस्कसारखी उपकरणे जोडण्याची एक पद्धत) जोडणी दिली. तिच्यात २५ व्या पिनेवर टर्मिनेटरसाठी (केबलीच्या टोकाला लावायच्या रोधकासाठी) वीज येऊ शकते, तर पॅरलल पोर्टात तीच पिन ग्राउंड असते, म्हणजे चुकीच्या जोडणीत सरळ शॉर्ट. झिप ड्राइव्हही (फ्लॉपीसारख्या पण मोठ्या क्षमतेच्या चकत्यांचे यंत्र) पॅरलल आणि स्कझी अशा दोन्ही प्रकारांत निघाला आणि दोन्हींना २५ पिनांचाच कनेक्टर होता. नुसत्या आकारावरून येथे काहीही सांगता येत नाही. यंत्राच्या पाठीवरचे चिन्ह वाचल्याशिवाय केबल लावू नये.

नऊ पिनांचा नर पोर्ट १९८४ च्या पीसी-एटीपासून सिरियलसाठी आला; त्याआधीच्या मॉनिटरांचा पोर्ट नऊ छिद्रांचा मादी होता. १९८७ साली आलेल्या व्हीजीए या मॉनिटर-जोडणीत त्याच नऊ पिनांच्या कवचात तीन ओळींत १५ पिना बसविल्या. दोन ओळींतल्या १५ पिनांचा मोठा कनेक्टर मात्र जॉयस्टिकचा, जुन्या मॅक मॉनिटरचा किंवा जाड इथरनेटचा (जाड केबलीच्या जुन्या नेटवर्कचा) असतो, आणि शेवटच्याला स्क्रूऐवजी सरकती पट्टी असते. व्हीजीए केबलीत नववी पिन पुष्कळदा मुळातच बसविलेली नसते. ती तुटली असे समजून चांगल्या केबली टाकून दिल्या जातात, हे वाईट आहे.

प्रिंटरची जुनी केबल इंदुरात अजून पुष्कळ ठिकाणी कामात आहे, कारण बिल्टीच्या (मालवाहतुकीच्या पावतीच्या) कार्बन प्रती एका फटक्यात काढायला डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच लागतो. या केबलीच्या एका टोकाला २५ पिनांचा नर कनेक्टर आणि दुसऱ्या टोकाला ३६ संपर्कांचा सेंट्रॉनिक्स कनेक्टर असतो. हा दुसरा कनेक्टर हाती घेतला की त्यात पिना दिसत नाहीत. मध्ये प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना चपटे सोनेरी संपर्क असतात, आणि यंत्रावरच्या तारेच्या दोन कड्या त्याच्या कडांवर चढून तो घट्ट धरतात. अगदी असाच, फक्त थोडा लांब, ५० संपर्कांचा कनेक्टर स्कझीचा असतो, आणि मॅकच्या स्कझी केबलीचे दुसरे टोकही २५ पिनांचेच. दोन केबली शेजारी ठेवल्या तर लांबीतला फरक लगेच कळतो. एकच हाती असेल तर एका बाजूचे संपर्क मोजावेत, १८ भरले तर प्रिंटर, २५ भरले तर स्कझी. अंगावर ‘आयईईई १२८४’ छापले असेल तर मोजायचीही गरज नाही, ती प्रिंटरचीच. याच जातीचा पण २४ संपर्कांचा, एकावर एक रचता येणारा कनेक्टर प्रयोगशाळेतल्या मापन-उपकरणांचा असतो.

गोल कनेक्टरांत पाच पिनांचा मोठा डिन प्लग पीसी-एटीच्या कीबोर्डचा असतो, आणि वाद्यवृंदातल्या कीबोर्डची मिडी केबलही हुबेहूब तशीच दिसते. सहा पिनांचा छोटा प्लग पीएस/२ चा : जांभळा कीबोर्डसाठी, हिरवा माउससाठी. हे रंग १९९० च्या दशकाच्या अखेरीस ठरले, त्यामुळे त्याआधीच्या करड्या प्लगांवर फक्त चित्र मिळते. चार पिनांचा छोटा प्लग एस-व्हिडिओचा असू शकतो किंवा जुन्या मॅकच्या कीबोर्डचा.

नेटवर्कच्या जुन्या समाक्ष (कोॲक्सिअल) केबलीला टोकाला फिरवून अडकवायचा बीएनसी कनेक्टर असतो. तीच दिसायला सीसीटीव्हीची केबलही असते, पण पातळ इथरनेटला ५० ओहमची आरजी-५८ लागते आणि चित्रासाठी ७५ ओहमची आरजी-५९. हा आकडा मल्टीमीटरने मोजता येत नाही, तो आवरणावरच वाचावा लागतो. टोकाचा छोटा टर्मिनेटर मात्र मीटरवर थेट ५० ओहम दाखवितो. फिकट निळी, चपटी, एका टोकाला नऊ छिद्रांचा मादी व दुसऱ्याला आरजे-४५ प्लग असलेली केबल राउटरच्या कन्सोलची (संगणकावरून राउटरची मांडणी करण्याच्या पोर्टाची) असते. तिला टेलिफोनची वायर समजू नये.

संगणकाच्या पोटातल्या चपट्या पट्ट्यांविषयी थोडक्यात : ३४ तारांची व मध्येच काही तारांना पीळ दिलेली फ्लॉपीची, ४० किंवा बारीक ८० तारांची हार्ड डिस्कची, ५० तारांची स्कझीची. कडेची लाल तार पहिल्या पिनेची बाजू दाखविते.

सिरियल केबलीत बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून तिथे मल्टीमीटरला पर्याय नाही. प्रत्येक पिनेशेजारी प्लॅस्टिकवर तिचा क्रमांक कोरलेला असतो. तो इतका बारीक असतो, की टॉर्च तिरपा धरून भिंगातून पाहिल्याशिवाय दिसत नाही. नर कनेक्टरची लांब बाजू वर धरली की १ क्रमांक डावीकडे येतो, मादीत उजवीकडे. मीटरची टोके छिद्रांत शिरत नाहीत, म्हणून छिद्रात टाचणी घालून तिला टोक लावावे. मीटर कंटिन्यूटीवर (तार अखंड असली की बीप देणाऱ्या खुणेवर) ठेवून एका टोकाची २ क्रमांकाची पिन धरावी आणि दुसऱ्या टोकाच्या पिना एकेक करून तपासाव्यात : नऊ पिनांच्या केबलीत २ ला बीप आला तर ती सरळ, ३ ला आला तर उलटी, म्हणजे नल मोडेम (दोन संगणक थेट जोडणारी), ५ क्रमांक दोन्हींत ५ लाच लागतो. निष्कर्ष तिथल्या तिथे चिठ्ठीवर लिहून केबलीला बांधावा. पिथमपूरसारख्या औद्योगिक वसाहतीतली जुनी सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाटे यांना या दोन्हींपैकी नेमकी एकच चालते, आणि कोणती ते माहीत असलेली जुनी केबल अनोळखी नव्या केबलीपेक्षा मोलाची ठरते.

आवरणावरच्या छपाईत ‘एडब्ल्यूजी’पुढचा आकडा तारेची जाडी सांगतो व तो जितका मोठा तितकी तार बारीक, ‘ई’ अक्षरापुढचा क्रमांक उत्पादकाची यूएल (अमेरिकी सुरक्षा-चाचणी संस्था) नोंद असतो, त्यावरून केबल कोणी बनविली याचा माग काढता येतो.

ॲडॉप्टरचा प्रश्न निराळा आणि अधिक जोखमीचा आहे. गोल पोकळ प्लगचा बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर असला तरी आतला २.१ किंवा २.५ असतो, आणि एकाच मापाचे प्लग ५ पासून २४ व्होल्टांपर्यंत काहीही देतात. व्होल्ट, अँपिअर आणि मधला बिंदू धन की ऋण हे दाखविणारे चिन्ह, या तीनही गोष्टी लेबलवर वाचता येत नसतील तर तो ॲडॉप्टर कशालाही लावून पाहू नये.

ओळख पटलेल्या पण नको असलेल्या केबलींना जेल रोडवरच्या किंवा सिल्व्हर मॉलमधल्या दुरुस्तीवाल्यांकडे कधी कधी गिऱ्हाईक मिळते. उरलेल्या ई-कचऱ्यात वेगळ्या द्याव्यात. तांब्यासाठी त्या जाळणे सर्वथा चूक, कारण पीव्हीसीचे आवरण जळताना निघणारा धूर विषारी असतो आणि तांबेही काजळून जाते.