शेवभाजीची तर्री आणि भिंतीवरची गोधडी

दुपारी खिडकीपाशी लालभडक दिसणारी शेवभाजीची तर्री रात्री ट्यूबखाली मळकट तपकिरी दिसते. मसाला तोच असतो, खोट दिव्यात असते. स्वस्त पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळा भाग भरपूर आणि गडद लाल भाग फारच थोडा असतो. तर्री लाल दिसते ती तिच्यावर पडलेला लाल प्रकाश परत फिरतो म्हणून. तो पोचलाच नाही, तर परत काय फिरणार?

बल्बच्या खोक्यावर ‘सीआरआय’ असा एक आकडा असतो. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, त्याचं हे माप १०० पैकी देतात. बाजारातले बरेचसे बल्ब ८० चे असतात आणि ऐकायला ते बरं वाटतं. पण हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो आणि त्या आठांत गडद लाल नाही. त्याचं माप ‘आर ९’ या नावानं वेगळं काढतात. ८० सीआरआयच्या दिव्याचा आर ९ शून्याजवळ, कधी शून्याखालीही असू शकतो. म्हणून जेवायच्या जागेसाठी ९० किंवा वरचा बल्ब मागावा, आणि आर ९ छापलेला असेल तर तो ५० च्या वर आहे का ते पाहावं. प्रकाशाची छटा केल्व्हिनमध्ये छापतात, ती २७०० ते ३०००, म्हणजे पिवळसर असावी. खानदेशात उन्हाळ्याच्या धास्तीनं ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा दिवा ‘थंड’ म्हणून घेतात. त्यानं खोलीचं तापमान तसूभरही उतरत नाही, भाकरी मात्र शिळी दिसते.

प्रकाश किती हवा, याचा हिशेब सोपा आहे. टेबल दीड मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद, म्हणजे १.३५ चौरस मीटर. त्यावर २०० लक्स पुरतात. दिव्याचा प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात आणि लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन, तेव्हा २७० ल्युमेन टेबलापर्यंत पोचायला हवेत. शेडमध्ये आणि आजूबाजूला निम्मा प्रकाश जातो असं धरलं, तर साडेपाचशे ल्युमेनचा दिवा लागतो. सहा-सात वॅटचा एलईडी झाला. टांगता दिवा टेबलापासून ७५ ते ८० सेंटिमीटर वर ठेवावा. त्याहून खाली आला तर समोरच्याचं तोंड झाकतो, फार वर गेला तर डोळ्यांत खुपतो. बल्ब उघडा नको. स्टीलचं ताट बऱ्यापैकी आरसाच असतं, उघड्या बल्बचा ठिपका नेमका वरणाच्या वाटीशेजारी चमकत राहतो. दुधी काचेची किंवा कापडाची शेड घातली की तो ठिपका पसरून मऊ होतो.

इथे पंख्याची अडचण येते. खानदेशात जेवायच्या खोलीत पंखा नसेल असं घर क्वचितच, आणि तो बहुधा टेबलाच्या बरोब्बर वर असतो. दिवा पात्यांच्या वर, छताला लावलेला असला की प्रत्येक पातं त्याला क्षणभर झाकतं. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १५ वेळा सावली पडते. माणसाच्या डोळ्याला आठ ते वीसच्या दरम्यानची लुकलुक सर्वांत जास्त जाणवते, म्हणजे आपण नेमकी नको ती गाठलेली असते. जेवताना डोकं जड होण्याचं हेही एक कारण असू शकतं. नेहमीच्या पंख्याचा घेर १२०० मिलिमीटरचा असतो, तेव्हा दिवा पंख्याच्या मध्यापासून निदान ७५ सेंटिमीटर बाजूला घ्यावा. पात्यांखाली टांगलेल्या दिव्याची लुकलुक टळते, पण तो वाऱ्यानं झोके घेतो. अशा ठिकाणी वायरऐवजी ताठ दांडी वापरावी. खाली पाट मांडून जेवणाऱ्या घरात टांगता दिवा उठता-बसता डोक्याला लागतो. तिथे भिंतीवर दीड मीटर उंचीला, शेड असलेले दोन दिवे बरे.

बाजूनं आलेल्या प्रकाशाचा आणखी एक गुण आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) हे टेबलावर वस्तू मांडून काढलेल्या छायाचित्रांसाठी ओळखले जातात. या प्रकारात सगळी भिस्त प्रकाश कुठून येतो यावर असते. समोरून आलेला प्रकाश वस्तू सपाट करतो, कडेनं तिरपा आलेला प्रकाश प्रत्येक उंचवट्याची सावली पाडतो. कळण्याच्या भाकरीचे पापुद्रे किंवा बट्टीची भाजलेली भेग दिसते ती या सावल्यांमुळे. छताच्या मध्यावर एकच दिवा असेल तर ही मजा जाते.

ताटाचं गणित आता पाहू. शेवरूल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८३९ मध्ये दाखवून दिलं की शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचा रंग बदलवतात. लाल रंग हिरव्याशेजारी जास्त लाल दिसतो. केळीच्या पानावर तर्री खुलते ती याच नियमानं, आणि रावेर-यावलच्या पट्ट्यात पान मिळवायला फारसं लांब जावं लागत नाही. भरिताचं उलट. इथलं भरीत हिरव्या मिरचीचं, त्यामुळे फिकट. स्टीलच्या करड्या ताटात ते हरवून जातं. गडद मातीची थाळी किंवा पान घेतलं की तेच भरीत उठून दिसतं.

रंगानं चव बदलते का? ऑक्सफर्डचे चार्ल्स स्पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये स्ट्रॉबेरीचा एकच गोड पदार्थ पांढऱ्या आणि काळ्या बशीत दिला. पांढऱ्या बशीतला लोकांना सुमारे १० टक्के जास्त गोड वाटला. २०१४ मध्ये त्यांच्याच गटानं एकाच सॅलडच्या तीन मांडण्या केल्या. त्यातली कांडिन्स्कीच्या चित्रासारखी रचलेली मांडणी लोकांना जास्त चविष्ट वाटली आणि तिच्यासाठी ते जास्त पैसे मोजायला तयार झाले. हे प्रयोग ठरावीक पदार्थांवरचे आहेत, पांढरं ताट आणलं म्हणून जिलेबीतली साखर कमी करता येईल असा त्याचा अर्थ नाही. ‘लहान ताट घ्या, कमी जेवाल’ या सल्ल्याबाबत तर जास्तच सावध राहावं. मोठ्या वर्तुळात ठेवलेलं वर्तुळ लहान भासतं, हा १८६५ पासून माहीत असलेला दृष्टिभ्रम खरा आहे. पण त्यामुळे जेवण घटतं, याचे पुरावे एका दिशेचे नाहीत आणि या विषयावरचे गाजलेले काही निबंध पुढे मागेही घ्यावे लागले.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मात्र ताट आणि पदार्थ यांच्या रंगातला फरक कामाचा आहे. वयानं डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, कडा पुसट होतात, आणि पांढऱ्या वाटीतला दहीभात अक्षरशः दिसेनासा होतो. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांना ठसठशीत रंगाची ताटं आणि पेले दिल्यावर जेवण २५ टक्क्यांनी आणि पेयं ८४ टक्क्यांनी जास्त पोटात गेली. रुग्ण अवघे नऊ होते, हे खरं. पण लाल वाटी विकत घ्यायला काही फार पडत नाही.

चित्रांच्या उंचीची चूक जवळपास घरोघरी होते. खिळा हात पुरेल तिथे, बहुतेकदा दाराच्या चौकटीच्या वर ठोकतात. उभ्या माणसासाठी चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर असावा. जेवायच्या खोलीत कोणी उभं नसतं. खुर्चीवर बसल्यावर डोळे ११५ ते १२० सेंटिमीटरवर येतात, पाटावर बसल्यावर साधारण ८० वर. म्हणून टेबल असेल तर चित्राचा मध्य १२५–१३० वर घ्यावा, पंगत असेल तर १०० च्या आसपास. इतकं खाली चित्र लावलं की पाहुणे बिचकतात. बसले की कळतं.

आता गोधडी. नव्या घरात व्हिट्रिफाइड टाइल्स, पुट्टी मारलेल्या भिंती आणि पीओपीचं छत असतं. यातलं काहीच आवाज शोषत नाही. वॉलेस सॅबिन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं १८९५ पासून हार्वर्डमधल्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचा अभ्यास केला. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तो रात्री उचलून आणी, ऑर्गनच्या नळीतून सूर काढी आणि तो विरायला किती वेळ लागतो ते मोजी. आवाज विरायला लागणाऱ्या या वेळेचं, म्हणजे घुमण्याचं, त्यातून निघालेलं सूत्र असं: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण. उत्तर सेकंदांत येतं.

चार बाय साडेतीन मीटरची, तीन मीटर उंच खोली घ्या. घनफळ ४२ घनमीटर. भिंती, छत, फरशी मिळून ७३ चौरस मीटर, पण गुळगुळीत पृष्ठभाग जेमतेम २ टक्के आवाज शोषतात, म्हणजे शोषण साधारण दीड चौरस मीटर. चार माणसांचं दीडच्या थोडं वर, लाकडी सामानाचं अर्धं. बेरीज ३.६ च्या आसपास आणि घुमणं जवळजवळ १.९ सेकंद. एकाचा शब्द संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो, मग प्रत्येक जण आवाज चढवतो. कानबाईच्या सणात रोटांना भाऊबंद जमले की बाहेरच्या ओट्यावरही बोलणं ऐकू येतं ते यामुळे. त्यात कूलर असेल तर भरच. मोठ्या गोंगाटात खारट आणि गोड चव मंद लागते, असं २०११ च्या एका प्रयोगात दिसलं आहे. भाजीत मीठ कमी असल्याची तक्रार आली तर आधी कूलर बंद करून बघावा.

याच खोलीत दोन मीटर बाय १.३ मीटरच्या दोन जाड गोधड्या भिंतीवर लावल्या, त्यांनी निम्मा आवाज शोषला असं धरलं, तर शोषणात २.६ ची भर पडते आणि घुमणं १.१ सेकंदावर येतं. फरक कानाला लगेच कळतो. पण गोधडी भिंतीला चिकटवून ठोकली तर हे होत नाही. कापड आवाज शोषतं ते हवा हलते तिथे, आणि आवाजानं होणारी हवेची हालचाल भिंतीलगत शून्य असते आणि ध्वनिलहरीच्या लांबीच्या पाव अंतरावर सर्वांत जास्त. बोलण्यातल्या १००० हर्ट्झच्या लहरीची लांबी ३४ सेंटिमीटर, तिचा पाव साडेआठ. म्हणून गोधडी आणि भिंत यांत सात ते दहा सेंटिमीटर पोकळी हवी.

गोधडीच्या वरच्या कडेला मागून दहा सेंटिमीटर रुंदीचा नेफा शिवावा, त्यात बांबू किंवा पाइप घालावा आणि तो ब्रॅकेटवर ठेवावा. कोपऱ्यांना खिळे मारले तर सगळं वजन दोन टाक्यांवर येतं आणि जुन्या लुगड्याचं कापड तिथेच फाटतं. दोन्ही गोधड्या समोरासमोरच्या भिंतींवर नकोत, एकमेकींना लागून असलेल्या दोन भिंतींवर लावाव्या. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींत टाळी वाजवली की ‘ट्रर्र’ ऐकू येतं, ते जोडीतली एक भिंत मऊ केली की थांबतं. जमिनीपासून साठ सेंटिमीटर ते पावणेदोन मीटर हा पट्टा महत्त्वाचा, बसलेल्याचं तोंड आणि कान तिथेच असतात. गॅसच्या ओट्यापासून निदान अडीच मीटर लांब, नाहीतर फोडणीचं तेल टाक्यांत बसतं, धूळ चिकटते आणि आगीचीही भीती.

एक भिंत पश्चिमेची असेल तर गोधडीचा मान तिला द्यावा. दुपारचं ऊन वीटभर जाडीच्या भिंतीतून आत यायला काही तास घेतं. भिंत आतून तापते ती रात्रीच्या जेवणाच्या सुमारास, आणि पाठ टेकलेल्याला ती पंख्याखालीही भाजते. पोकळी सोडून टांगलेलं जाड कापड ही धग बरीच अडवतं.

कागदावरचं चित्र मात्र या भिंतीवर लावू नये आणि कूलरच्या झोतासमोरही नको. कूलरनं हवा दमट होते, कागद फुगतो. कूलर बंद झाला की आकसतो. चार उन्हाळ्यांत त्याला लाटा येतात, आणि काच थेट कागदाला टेकलेली असेल तर रंग काचेला चिकटतो. फ्रेम करताना काच आणि चित्र यांत दोन-तीन मिलिमीटर जाडीचं माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घालून घ्यावं आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागून हवा खेळते. बाटलीचं एक बूच उभं चिरलं की दोन्ही कोपऱ्यांचं काम होतं.