विरंगुळा केंद्र आणि स्मृतिभ्रंशाचे डे केअर

नवी मुंबईत नेरूळ, वाशी, कोपरखैरणे अशा नोडांमध्ये, म्हणजे नियोजित वसाहतींमध्ये, महापालिकेची ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्रे आहेत, आणि घरातील वडीलधाऱ्यांची स्मरणशक्ती क्षीण होऊ लागली की नातेवाइकांना पहिल्यांदा तेच ठिकाण सुचते. ‘तिथे त्यांचा वेळ जाईल आणि आपणही निर्धास्त राहू’ या विचारातला पूर्वार्ध खरा ठरू शकतो. उत्तरार्ध बहुधा ठरत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीचे डे केअर केंद्र पाहणाऱ्याला साधारण तसेच वाटते, कारण तिथेही गाणी, खेळ आणि चहा असतोच. मात्र तिथे आलेल्या माणसाची जबाबदारी केंद्राने घेतलेली असते.

विरंगुळा केंद्रात सदस्य आपल्या पायांनी येतो, वर्तमानपत्र चाळतो आणि कंटाळा आला की उठून जातो. तो केव्हा गेला याची नोंद कोणी ठेवत नाही व तशी अपेक्षाही रास्त नाही, कारण ती सोय स्वतंत्रपणे वावरणाऱ्यांसाठी आहे. रस्ता विसरू लागलेल्या माणसाच्या बाबतीत नेमका हाच मोकळेपणा धोक्याचा ठरतो. त्यातून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या एकसारख्या इमारतींमध्ये धडधाकट पाहुणाही चुकतो, हे इथल्या रहिवाशांना सांगायला नको. डे केअरमध्ये सोडताना आणि नेताना ओळखीचे माणूस लागते, दाराकडे कोणाचे तरी लक्ष असते, ठरावीक वेळाने शौचालयाला नेले जाते, आणि कोण जेवले, कोण चिडले, कोणाला दुपारचे औषध दिले हे वहीत लिहिले जाते.

खेळ एकच असला तरी त्यामागचा हेतू वेगळा असतो. विरंगुळा केंद्रातील मेंढीकोटाच्या डावात हुकूम कोणता हे पुन्हापुन्हा विचारणाऱ्या भिडूवर बाकीचे आधी हसतात, मग वैतागतात, आणि काही दिवसांनी तो स्वतःच जायचे टाळू लागतो. घरच्यांना मात्र ‘बाबा हल्ली आळशी झाले’ असे वाटते. डे केअरमध्ये तेच पत्ते लाल आणि काळे वेगळे करायला दिले जातात. मटार सोलणे, फुले ओवणे, ऐकलेल्या भजनाची पुढची ओळ म्हणणे अशी कामे निवडली जातात, कारण हातांना आणि जिभेला वळण पडलेल्या गोष्टी बऱ्याचदा ताज्या घटनांपेक्षा अधिक काळ टिकतात. तिथे चूक दाखवून देण्याऐवजी काम सोपे करण्यावर भर असतो. आजार यामुळे बरा होत नाही. दिवसाला घडी बसते आणि घरी सांभाळणाऱ्या व्यक्तीला, जी अनेकदा पत्नी किंवा सून असते, काही तास श्वास घेता येतो. माझ्या मते हा दुसरा लाभ पहिल्याइतकाच मोलाचा आहे, जरी घरात तो उघडपणे बोलायला संकोच वाटत असला तरी.

निदान झाले म्हणून लगेच विरंगुळा केंद्र बंद करण्याचे कारण नाही. सुरुवातीच्या टप्प्यात जुना मित्रवर्ग हा मोठाच आधार असतो, फक्त त्यांतल्या दोघा-तिघांना आजाराची कल्पना द्यावी आणि जाण्या-येण्याला सोबत ठेवावी. नेहमीचा रस्ता चुकणे, पैशांचे व्यवहार न उमगणे, शौचाची वेळ न कळणे अशी लक्षणे दिसू लागली की मात्र डे केअरचा विचार लांबणीवर टाकू नये. त्याआधी डॉक्टरांकडून तपासणी हवीच, कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही विसराळूपणा येतो आणि त्यांवर उपचार आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. तेव्हा शेजारीपाजारी काय म्हणतील या धास्तीने निदान लपवण्यात अर्थ नाही.

खर्चाचे सांगायचे तर विरंगुळा केंद्राचा भार नाममात्र, तर डे केअरला मासिक शुल्क आणि बहुधा वाहनाचा वेगळा खर्च असतो. पैसे भरण्यापूर्वी एका मदतनिसाकडे किती जण असतात आणि संध्याकाळी अस्वस्थता वाढल्यास काय केले जाते, हे विचारून घ्यावे. रात्रीची जाग आणि भटकणे घरच्यांना आवरेनासे झाले असेल, तर या दोन्ही सोयी अपुऱ्या पडतात आणि निवासी देखभालीची चौकशी करावी लागते.