ग्रूट कॉन्स्टँशिया

ग्रूट कॉन्स्टँशिया हे दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनच्या दक्षिणेला, टेबल पर्वतरांगेच्या पूर्व उतारावर असलेले डच वसाहतकालीन घर व द्राक्षमळा असून ‘केप डच’ वास्तुशैलीचा तो सर्वांत परिचित नमुना मानला जातो.

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळील ‘केप’ या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वसाहतीचा प्रमुख सिमॉन व्हान डर स्टेल याला 1685 मध्ये ही सुमारे 763 हेक्टर जमीन मिळाली. ती देणारा कंपनीचा आयुक्त हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड म्हणजे मलबारच्या वनस्पतींवरील ‘होर्टुस मलाबारिकुस’ या ग्रंथाचा कर्ता. त्याच ग्रंथात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन वैद्यांचे कोकणीतील प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. व्हान डर स्टेल 1712 मध्ये वारल्यावर मळ्याची वाटणी झाली व घर असलेला भाग ‘ग्रूट’, म्हणजे थोरला, कॉन्स्टँशिया म्हणून ओळखला जाऊ लागला.

आज दिसणारे घर मात्र मुख्यतः हेन्ड्रिक क्लूटे याच्या काळातले आहे. त्याने 1778 मध्ये मळा विकत घेऊन वेलींची नव्याने लागवड केली आणि पुढे घराचे रूप पालटले. जाड भिंतींना गिलावा आणि चुन्याची सफेदी, त्यांवर गवताने शाकारलेले उंच, उतरते छप्पर, लहान लहान काचांच्या उभ्या खिडक्या व त्यांना लाकडी झडपा, आणि दर्शनी बाजूला ‘स्टूप’ नावाचा लांब ओटा अशी त्याची घडण आहे. दारावर छपरातून वर उठणारी वळणदार कडांची भिंत, म्हणजे गेबल, ही या शैलीची खूण होय. तिच्यामागे व्यवहारही होता, कारण गवताने पेट घेतला तर जळते पेंढे दारात पडू नयेत, असे तिचे प्रयोजन सांगितले जाते. येथील गेबलच्या कोनाड्यात समृद्धीचे प्रतीक असलेली स्त्रीमूर्ती आहे. घरामागील 1791 च्या मद्यकोठाराच्या दर्शनी त्रिकोणात गरुड, त्याने पळवलेला ग्रीक पुराणकथेतील तरुण गॅनिमीड आणि खेळणारी बालके चुन्याच्या उठावात कोरलेली दिसतात. हे शिल्प जर्मन शिल्पकार आन्टोन आन्राइट याचे असून कोठाराच्या आराखड्याचे श्रेय परंपरेने फ्रेंच वास्तुविशारद लुई तिबो याला दिले जाते. म्हणून या घराला केवळ ‘डच’ म्हणणे अपुरे ठरते.

ते अपुरे ठरण्याचे याहून मोठे कारण गुलामांचे श्रम हे आहे. केपमध्ये मलबार, कोरोमंडल व बंगालच्या किनाऱ्यांवरून, तसेच इंडोनेशियाची बेटे, मादागास्कर आणि मोझांबिकमधून गुलाम आणले जात. घराचे बांधकाम, मळा आणि स्वयंपाकघर त्यांच्याच कष्टांवर चालले. येथील गोड मद्य युरोपच्या दरबारांत पोहोचले, सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेल्या नेपोलियनकडेही ते जात असे, पण द्राक्षे खुडणाऱ्या बहुतेकांची नावेही लोकांच्या स्मरणात उरली नाहीत. गुलामगिरी 1834 मध्ये कायद्याने संपली, तरी ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्या मालकांकडेच काम करण्याची सक्ती असल्याने प्रत्यक्ष सुटका 1838 मध्येच झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर वेलींवर भुरी हा बुरशीचा रोग पडला, क्लूटे घराणे कर्जात बुडाले आणि 1885 मध्ये केप सरकारने मळा विकत घेतला. डिसेंबर 1925 मध्ये लागलेल्या आगीत छप्पर व आतील लाकूडकाम भस्मसात झाले, पण भिंती टिकल्या. वास्तुविशारद एफ. के. केंडल यांनी त्या भिंतींवर घर पुन्हा उभारले. आता तेथे संग्रहालय असून जुन्या सामानाबरोबर गुलामांच्या जीवनाचीही माहिती मांडलेली आहे.