हॅमिल्टन, सर विल्यम रोवन
(४ ऑगस्ट १८०५ – २ सप्टेंबर १८६५). आयरिश गणितज्ञ, भौतिकीविज्ञ व खगोलशास्त्रज्ञ. क्वाटर्नियन या चार घटकांच्या संख्यांचे जनक. आज आपण शाळेत शिकतो त्या सदिश आणि अदिश राशींची इंग्रजी नावे गणितात प्रथम त्यांनीच वापरली. प्रकाशकी व गतिकी यांची त्यांनी केलेली मांडणी पुढे पुंजयामिकीच्या (अणूंच्या पातळीवरील भौतिकीच्या) पायाशी गेली.

त्यांचा जन्म डब्लिनच्या डॉमिनिक स्ट्रीटवर ३ आणि ४ ऑगस्टमधल्या मध्यरात्री झाला. वडील आर्चिबाल्ड वकील होते. विल्यम जेमतेम तीन वर्षांचा असताना त्याला मीथ परगण्यातील ट्रिम या गावी काका जेम्स यांच्याकडे ठेवण्यात आले. काका धर्मोपदेशक होते, शाळा चालवत आणि भाषांचे गाढे जाणकार होते. पाचव्या वर्षापर्यंत मुलगा लॅटिन, ग्रीक व हिब्रू वाचू लागला होता. त्याला पुढेमागे ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी मिळावी अशी वडिलांची इच्छा होती, म्हणून पौर्वात्य भाषांवर विशेष भर दिला गेला. वडिलांनी एका पत्रात मुलाला येणाऱ्या भाषांची यादी दिली आहे. तीत फार्सी, अरबी, संस्कृत, हिंदुस्थानी, बंगाली यांच्या पंक्तीला मराठीही आहे. बापाचे कौतुक त्यातून वजा केले, तरी आयर्लंडमधल्या एका खेड्यात एक लहान मुलगा मराठीची अक्षरे गिरवत होता, ही गोष्ट मराठी वाचकाला सुखावणारी आहे.

लहानपणीच झेरा कोलबर्न या अमेरिकन मुलाशी त्याचा तोंडी हिशेबांचा सामना झाला आणि त्यात विल्यम हरला. पुढे भाषा मागे पडल्या व गणित पुढे आले. बारा वर्षांचा असताना आई गेली, चौदाव्या वर्षी वडील गेले. सतराव्या वर्षी फ्रेंच गणितज्ञ लाप्लासच्या खगोलीय यामिकीवरील ग्रंथातील बलांच्या समांतरभुज चौकोनाच्या सिद्धतेत त्याने चूक काढली. ती आयर्लंडचे राजखगोलज्ञ जॉन ब्रिंकली यांच्यापर्यंत पोहोचली आणि मुलाचे नाव झाले.

हॅमिल्टन यांनी १८२३ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश परीक्षेत पहिला क्रमांक मिळवून प्रवेश घेतला. तेथे ग्रीक व भौतिकी अशा दोन्ही विषयांत त्यांना दुर्मीळ असा सर्वोच्च शेरा मिळाला. ब्रिंकली बिशप झाल्याने खगोलशास्त्राचे प्राध्यापकपद रिकामे झाले आणि १८२७ मध्ये ते हॅमिल्टन यांना देण्यात आले. त्यांचे वय तेव्हा २१ होते आणि पदवीही हाती आली नव्हती. पदाबरोबर राजखगोलज्ञाचा मान व डब्लिनपासून सुमारे ८ किमी.वरील डनसिंक वेधशाळेतील घर आले. मृत्यूपर्यंत ते तेथेच राहिले. वेध घेण्यात त्यांना फारसा रस नव्हता, त्या कामाला त्यांच्या बहिणींनी हातभार लावला. वर्डस्वर्थ या कवीशी त्यांची मैत्री होती. हॅमिल्टन कविताही करत, पण तुमचा खरा मार्ग गणिताचा, असे वर्डस्वर्थनेच त्यांना समजावले.

प्रकाशकिरणांच्या संपूर्ण समूहाचे वर्तन एकाच फलनातून काढता येते, हे त्यांनी विशीतच दाखवले. या सिद्धान्तावरून १८३२ मध्ये त्यांनी भाकीत केले, की विशिष्ट स्फटिकात विशिष्ट दिशेने शिरलेला एक किरण बाहेर पडताना पोकळ शंकूसारखा पसरेल. असे कुणी कधी पाहिले नव्हते. त्यांचे सहकारी हम्फ्री लॉइड यांनी काही आठवड्यांतच अ‍ॅरॅगोनाइटच्या स्फटिकातून तो शंकू प्रत्यक्ष दाखवला. १८३४–३५ मध्ये हीच पद्धत त्यांनी वस्तूंच्या गतीला लावली. स्थान व संवेग (वस्तुमान गुणिले वेग) यांच्या रूपात लिहिलेल्या एकूण ऊर्जेला आज त्यांच्याच नावाने हॅमिल्टोनियन म्हणतात. पुंजयामिकीतील श्रोडिंगरच्या १९२६ च्या समीकरणाच्या केंद्रस्थानी तीच राशी आहे. १८३५ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १८३७ ते १८४६ या काळात ते रॉयल आयरिश अकादमीचे अध्यक्ष होते.

त्यांच्या मनाचा खरा ध्यास मात्र वेगळा होता. संमिश्र संख्या (ज्यांत उणे एकचे वर्गमूळ ‘आय’ येते त्या) म्हणजे वास्तव संख्यांच्या जोड्या, हे त्यांनी स्पष्ट केले होते. जोड्यांचा गुणाकार सपाट पृष्ठावरचे फिरवणे दाखवतो. मग अवकाशासाठी तीन-तीन संख्यांचे त्रिक का नको? बेरीज-वजाबाकी सोपी होती, गुणाकार जमेना. ऑक्टोबर १८४३ मध्ये रोज सकाळी न्याहारीला खाली आले की मुले विचारत, ‘बाबा, त्रिकांचा गुणाकार जमला का?’ आणि ते खिन्नपणे मान हलवून सांगत, ‘नाही, फक्त बेरीज आणि वजाबाकी जमते.’ ही आठवण त्यांनी मृत्यूच्या सुमारे महिनाभर आधी मुलाला लिहिलेल्या पत्रात आहे.

अडचण कुठे होती, हे छोट्या हिशेबात दिसते. गुणाकाराची लांबी (घटकांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ) ही लांब्यांचा गुणाकार असावी, अशी त्यांची अट होती. तीन पूर्णांकांसाठी याचा अर्थ असा, की तीन वर्गांच्या बेरजेला तीन वर्गांच्या बेरजेने गुणले, तर उत्तरही तीन वर्गांची बेरीज हवे. आता ३ = १ + १ + १ आणि २१ = १६ + ४ + १. यांचा गुणाकार ६३. पण ६३ ही संख्या तीन वर्गांच्या बेरजेत कशीही बसत नाही. चार वर्गांत मात्र सहज बसते : ३६ + २५ + १ + १. म्हणजे त्रिकाची वाटच बंद होती, दार चौथ्या घटकाचे होते.

१६ ऑक्टोबर १८४३, सोमवार. अकादमीच्या बैठकीसाठी ते पत्नीबरोबर रॉयल कालव्याच्या काठाने डब्लिनकडे चालले होते. ब्रूम पुलापाशी एकदम उलगडा झाला. आय व तसाच दुसरा घटक जे यांचा गुणाकार के हा नवा घटक मानायचा आणि क्रम उलटला तर उत्तर उणे के धरायचे. आय, जे, के यांपैकी प्रत्येकाचा वर्ग उणे एक, तिघांचा याच क्रमाने केलेला गुणाकारही उणे एक. खिशातील चाकूने त्यांनी हे सूत्र पुलाच्या दगडावर कोरले.

शाळेत आपण शिकतो, की गुणाकार क्रमनिरपेक्ष असतो : दोन गुणिले तीन काय आणि तीन गुणिले दोन काय. हॅमिल्टन यांनी हा नियम सोडला. माझ्या मते शोधाचे मोल चौथ्या घटकापेक्षा या धाडसात अधिक आहे, कारण यानंतर बीजगणिताचे नियम स्वतः निवडता येतात हे गणितज्ञांना उमगले. निसर्गही येथे त्यांच्याच बाजूने होता. टेबलावर पुस्तक ठेवून ते आधी आपल्याकडे आणि मग उजवीकडे काटकोनात कलंडवा. पुन्हा पहिल्यासारखे ठेवून आधी उजवीकडे व मग आपल्याकडे कलंडवा. पुस्तक दोन वेगळ्या स्थितींत थांबते. अवकाशात फिरवणे मुळातच क्रमनिरपेक्ष नाही.

उरलेले आयुष्य त्यांनी याच विषयाला वाहिले. व्याख्यानांचा ग्रंथ १८५३ मध्ये निघाला, दुसरा मोठा ग्रंथ मृत्यूनंतर १८६६ मध्ये मुलाने प्रसिद्ध केला. मधल्या काळात त्यांनी द्वादशफलकाच्या (बारा पंचकोनी पृष्ठांच्या घनाकृतीच्या) २० कोपऱ्यांतून प्रत्येकी एकदाच जाऊन परत येण्याचा एक खेळ रचला व तो २५ पौंडांना विकला. धंदा झाला नाही, पण आलेख सिद्धान्तात (बिंदू व त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या गणितात) अशा मार्गाला त्यांचे नाव राहिले. शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगांचे ठेवून चार रंगांत कोणताही नकाशा रंगवता येतो का, हा प्रश्न मदुराईत जन्मलेले गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांनी १८५२ मध्ये पत्राने प्रथम त्यांनाच विचारला होता. त्यांनी त्यात लक्ष घातले नाही.

तरुणपणी कॅथरीन डिस्नी हिच्यावर त्यांचे प्रेम होते, पण तिचे लग्न दुसरीकडे लावून देण्यात आले. १८३३ मध्ये त्यांनी हेलन बेली यांच्याशी विवाह केला व त्यांना तीन मुले झाली. दुःखी संसार आणि दारू यांत बुडालेला प्रतिभावंत, असे त्यांचे चित्र पुढे रंगवले गेले. ज्या माणसाने अखेरपर्यंत शेकडो पाने लिहिली आणि ज्याच्या सर्वांत मोठ्या शोधाच्या क्षणी पत्नी शेजारून चालत होती, त्याला ते चित्र न्याय देत नाही.

गाऊट या सांध्यांच्या आजाराने डब्लिन येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने पहिल्या परदेशी सदस्यांत त्यांना निवडले होते. शतकाअखेरीस गिब्ज व हेव्हिसाइड या भौतिकीविज्ञांनी क्वाटर्नियनमधून सदिश भाग वेगळा काढला आणि अभ्यासक्रमात तोच राहिला. संगणक आल्यावर क्वाटर्नियन परतले : अंतराळयानाची दिशा राखताना आणि त्रिमितीय चित्रे व खेळ यांतील आकृती फिरवताना आज ते वापरतात. पुलावरचे मूळ कोरीव काम आता दिसत नाही. तेथे १९५८ मध्ये आयर्लंडचे तत्कालीन पंतप्रधान डी व्हॅलेरा यांच्या हस्ते सूत्राची शिळा बसवण्यात आली. दरवर्षी १६ ऑक्टोबरला गणितप्रेमी डनसिंकपासून त्या पुलापर्यंत चालत जातात.