सागरी सरीसृपांचे छोटे जीवाश्म : पारख

मध्यजीव महाकल्पातील, म्हणजे डायनासोरांच्या काळातील, समुद्रात राहणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे दात, मणके, जबड्याचे तुकडे आणि वीतभर लांबीचे अख्खे सांगाडे जगभरच्या बाजारात विकले जातात. ते खरे आहेत का, असतील तर किती भाग खरा आहे आणि ते सांगितलेल्या ठिकाणचेच आहेत का, हे ठरवणे म्हणजे त्यांची पारख. ‘अस्सल की नकली’ असे दोनच कप्पे करून इथे भागत नाही. बाजारातला बराचसा माल मधल्या पायऱ्यांवरचा असतो. एखाद्यात हाड खरे पण शेपूट रंगवलेली असते, एखाद्यात दात खरे पण जबडा बनवलेला, तर एखादा दोन प्राणी जोडून केलेला असतो. साचा घेऊन केलेली प्रतिकृती ‘प्रतिकृती’ म्हणूनच विकली, तर त्यात फसवणूक नाही. संग्रहालयेही अशा प्रतिकृती मांडतात.

गोव्यात पारखीची सुरुवात पायाखालच्या खडकापासून करावी. गोव्याचे बहुतेक खडक अतिप्राचीन आहेत. सह्याद्रीच्या कुशीतले ग्रॅनाइट व नाइस आणि खाणपट्ट्यातले लोहखनिजाचे थर हे सगळे सरीसृप जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचे. ईशान्येच्या कोपऱ्यात दख्खनचा बेसाल्ट आहे, पण तो लाव्ह्याचा. वरचा जांभा, ज्याचे चिरे काढून घरे बांधतात, तो या खडकांच्या झिजेतून झालेला. मध्यजीव काळातल्या समुद्राचा गाळ इथे उघडा पडलेला नाही. त्यामुळे ‘इथल्याच खाणीत मिळाला’ असे सांगून कोणी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात सागरी सरड्याचा दगड पुढे केला, तर भिंग काढायचीही गरज नाही. असे खडक भारतात आहेत, पण दूर. कच्छमधील लोडाई गावाजवळ सापडलेल्या सुमारे साडेपाच मीटर लांब इक्थिओसॉरचा (माशासारख्या आकाराच्या सागरी सरीसृपाचा) सांगाडा २०१७ साली प्रसिद्ध झाला. तो ज्युरासिक काळाच्या उत्तरार्धातला आहे.

गोव्याच्या किनाऱ्यावर सागरी सरीसृपाचे खरे हाड मिळू शकते, मात्र ते कासवाचे. मोरजी, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. ते हाड जीवाश्म नव्हे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याखाली जपलेल्या या प्राण्याचे अवशेष घरी बाळगणे गुन्हा आहे. वाळूत मिळणारे मणके बहुधा मासे किंवा डॉल्फिनचे असतात. इक्थिओसॉरचा मणका आखूड चकतीसारखा आणि दोन्ही बाजूंनी खोलगट असतो. माशाचाही तसाच खोलगट असल्यामुळे इथे गल्लत सहज होते. डॉल्फिनच्या मणक्याची दोन्ही टोके मात्र सपाट असतात. ताजे हाड हलके असते. खनिजे भरलेले हाड दगडाइतके जड लागते.

छोट्या सांगाड्यांच्या व्यापारात सर्वांत जास्त फिरणारा प्राणी म्हणजे केइचौसॉरस. १९५७ साली हू चेंगझी यांना तो दक्षिण चीनच्या ग्वेझौ प्रांतात सापडला आणि १९५८ साली यांग झोंगजियान यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या ट्रायासिक समुद्रातला हा लांब मानेचा, बारीक डोक्याचा प्राणी बहुधा १५ ते ३० सेंटीमीटर लांब असतो. करड्या चुनखडीच्या लादीवर उमटलेला त्याचा काळा सांगाडा पटकन नजरेत भरतो, आणि लादी टेबलावर मावते. नकला याच्याच जास्त व्हाव्यात, यात नवल नाही.

त्या नकला तीन तऱ्हांच्या. पहिली म्हणजे साचा: रेझीनमध्ये दगडाची पूड कालवून ओतलेली लादी. तिच्यात हवेचे गोल फुगे राहतात, कडेला साच्याची शिवण दिसते आणि हाड व दगड यांचा कण एकच असतो. दुसरी कोरीव. इथे कारागीर खऱ्या लादीवर सांगाडा कोरून काळा रंग देतो. फासळ्या कंगव्याच्या दात्यांसारख्या एकसारख्या येतात आणि बोटांची हाडे मोजायला गेले की हिशेब जमत नाही. तिसरी तऱ्हा सर्वांत अवघड, कारण तिच्यात पाया खरा असतो: अर्धवट मिळालेल्या सांगाड्याला डोके, पाय किंवा शेपूट जोडलेली असते. प्राण्याची शरीररचना ठाऊक नसेल तर ही तऱ्हा पकडता येत नाही. केइचौसॉरसच्या पुढच्या पायातले एक हाड विलक्षण रुंद असते, ते नुसत्या डोळ्यांनीही कळते. नकलाकार ते हमखास बारीक करतात.

माझ्या मते हाडापेक्षा दगडाकडे आधी पाहावे. लादीतली भेग आणि कॅल्साइट या खनिजाची पांढरी शीर निसर्गात हाडाची भीड ठेवत नाही. ती दगडातून निघून हाडातून आरपार जाते आणि पलीकडे पुढे चालू राहते. भेग हाडाच्या कडेशी येऊन थांबत असेल, किंवा हाड भेगेवरून अखंड गेलेले असेल, तर तिथे कोणाचा तरी हात लागला आहे. लादी तुकडे जोडून केलेली असणे हा मात्र दोष नव्हे. खाणीतून दगड फुटूनच निघतो.

मोरोक्कोतल्या खुरिब्गाच्या फॉस्फेट खाणींतले मोसासॉरचे (सरड्यांच्या जातकुळीतल्या शिकारी सागरी सरीसृपांचे) दात ही दुसरी मोठी बाजारपेठ. मोसासॉर आयुष्यभर दात बदलत, म्हणून सुटे दात भरपूर मिळतात आणि स्वस्तातला सुटा दात बहुधा खरा निघतो. शंका घ्यावी ती ‘जबड्यासकट’ विकल्या जाणाऱ्या नमुन्याची. वाळू आणि डिंक कालवून जबडा बनवतात आणि त्यात वेगवेगळ्या प्राण्यांचे दात रोवतात. मोसासॉरच्या दाताला हाडासारखे जाडजूड मूळ असते. बनावट जबड्यात नुसता वरचा मुकुट रोवलेला आढळतो. असा जबडा पाण्यात किंवा अ‍ॅसिटोनमध्ये भिजवला, तर वाळू सुटू लागते. हा प्रश्न फक्त हौशी लोकांचा नाही. २०२१ साली मोरोक्कोतल्या जबड्याच्या एका तुकड्यावरून झेनोडेन्स नावाचा लहान मोसासॉर जाहीर झाला. २०२४ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यावर शंका घेतली. मोसासॉरमध्ये दात आपली खोबण स्वतःच घडवतो, म्हणून एका खोबणीत एकच दात असतो. या नमुन्यात दोन दात एकाच खोबणीत बसवलेले दिसत होते. नमुन्याचे सीटी स्कॅन व्हावे अशी त्यांची मागणी होती.

साध्या साधनांत दहापट मोठे दाखवणारे भिंग सर्वांत उपयोगी. त्याखाली खऱ्या हाडाची जाळी आणि रंगाचा थर यांतला फरक कळतो. नोटा तपासायच्या अतिनील दिव्याखाली डिंक आणि रेझीन अनेकदा आजूबाजूच्या दगडापेक्षा वेगळे चमकतात. नेलपॉलिश काढायच्या अ‍ॅसिटोनने कडेला कापूस फिरवला की काळा रंग उतरतो. पण थोडा रंग उतरला म्हणजे सारे खोटे असे नाही. खऱ्या सांगाड्यांवरही विक्रेते रंगाचा हात फिरवतात. तापलेली सुई टोचली की रेझीनचा वास येतो खरा, पण नमुन्याला डाग कायमचा पडतो. आम्ल टाकून फेस काढण्याची चाचणी मात्र फारशी कामाची नाही, कारण चुनखडीची पूड घातलेली नक्कलही फसफसते. खरा निवाडा क्ष-किरण आणि सीटी स्कॅन देतात. इटलीच्या आल्प्समध्ये १९३१ साली मिळालेला ट्रायडेंटिनोसॉरस (हा सागरी नव्हे) अनेक दशके त्वचेसकट टिकलेला सरडा मानला जात होता. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ती ‘त्वचा’ काळा रंग निघाली. मागच्या पायांची हाडे आणि पाठीवरचे काही खवले तेवढे खरे ठरले.

उलट, विचित्र दिसते म्हणून खोटे ठरवणेही चूक. चीनच्या लिआओनिंगमधील हायफालोसॉरसचे दोन डोक्यांचे पिल्लू २००६ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हा प्राणी गोड्या पाण्याच्या तळ्यातला, पण दुकानात तोही ‘सागरी’ म्हणून खपवला जातो.

जीवाश्म खरा आणि पत्ता खोटा, हा प्रकार भारताने जवळून पाहिला आहे. चंदीगढच्या पंजाब विद्यापीठातील विश्वजित गुप्ता यांनी हिमालयातले म्हणून प्रसिद्ध केलेले अनेक जीवाश्म मुळात परदेशातले आहेत, असा आरोप ऑस्ट्रेलियन पुराजीवशास्त्रज्ञ जॉन टॅलेंट यांनी १९८९ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात पुराव्यांसह मांडला. त्यात मोरोक्कोत सर्रास विकले जाणारे अमोनाइटवर्गीय (गुंडाळलेल्या शंखाच्या सागरी प्राण्यांचे) जीवाश्मही होते. म्हणून खाणीचे नाव, थर आणि काळ यांविना आलेला नमुना अस्सल असला, तरी अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी. गोव्यात शंका आली तर ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात भूविज्ञान शिकवणाऱ्यांना लादी दाखवता येईल.

चीनमधून आलेल्या केइचौसॉरसबाबत कागदपत्रांचा प्रश्न वेगळा आहे. १ जानेवारी २०११ पासून तिथे जीवाश्म संरक्षणाचे नियम लागू आहेत आणि परवानगीशिवाय जीवाश्म देशाबाहेर नेता येत नाहीत. त्यामुळे अशी लादी अस्सल ठरली, तर ती चीनमधून कधी आणि कोणत्या परवान्यावर बाहेर पडली, हे विक्रेत्याला विचारावे लागते.