काकांचं चुलवाण आणि पुतण्याची वेबसाइट
कोल्हापूरच्या उद्यमनगरात चहा पिताना हमखास कानावर पडतं, "भावा, पेटंट घेऊन टाक, मग कुणी हात लावत नाही." लेथवरचे मेस्त्री हेच म्हणतात आणि वेबसाइट बनवणारा त्यांचा पुतण्याही हेच.

समजा, मेस्त्रींनी गुऱ्हाळाच्या चुलवाणात, म्हणजे उसाचा रस आटवायच्या भट्टीत, चिपाड आपोआप सरकवणारं यंत्र काढलं. झडप कुठं, चिपाड अडकू नये म्हणून उतार किती, सगळं चित्रासकट मांडता येतं. रचना नवी हवी, त्या कामातल्या जाणकाराला सहज सुचेल अशी नको. पेटंट मिळालं तर मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. पण अर्जाआधीच चार गुऱ्हाळांवर उघडपणे चालवून दाखवलं, तर नवेपणा गेला. आपल्याकडं घोटाळा इथंच होतो: यंत्र आधी विकायचं, वकील नंतर आठवायचा.

पुतण्यानं शाहू मार्केट यार्डातल्या गूळ सौद्यांसाठी वेबसाइट केली. त्याचा कोड लिहिल्या क्षणापासून कॉपीराइटखाली येतो. कायदा त्याला चक्क साहित्यकृती मानतो! मात्र तीच युक्ती दुसऱ्यानं स्वतःचा कोड लिहून वापरली, तर कॉपीराइट काही करू शकत नाही. मग युक्तीचं पेटंट घ्यावं? १९७०च्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) आडवं येतं. गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि 'निव्वळ' संगणक प्रोग्राम यांना पेटंट नाही. अमेरिकेत ॲमेझॉनला एका क्लिकमधल्या खरेदीचं पेटंट १९९९ मध्ये मिळालं होतं. त्या भरवशावर पुतण्यानं इथं अर्ज करू नये.

सगळी मेख 'निव्वळ' या शब्दात आहे. फरीद अल्लानी यांनी वेबवरची माहिती मिळवण्याच्या पद्धतीसाठी २००२ मध्ये भारतात अर्ज केला, तो नाकारला गेला. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो पुन्हा तपासायला लावला: शोधातून तांत्रिक परिणाम साधत असेल, तर केवळ सॉफ्टवेअर आहे म्हणून तो बाजूला सारता येत नाही. सतरा वर्षं! तेवढ्यात वेबसाइटच्या चार पिढ्या जुन्या होतात.

म्हणून पुतण्यानं सौदा सोडून काकांच्या चुलवाणाकडं बघावं. काहिलीतला रस ११८ अंशांच्या आसपास आला की चिपाड आपोआप कमी करणारं सॉफ्टवेअर लिहिलं, तर दाखवायला तांत्रिक परिणाम आहे. पुढं कुणी नक्कल केली तर काकांना दुसऱ्याच्या यंत्राला पाना लावून बघता येईल. पुतण्याला मात्र दुसऱ्याच्या सर्व्हरमध्ये डोकावायची सोय नाही.