नदीपलीकडे गेलेले देव

मंगेशीचे देऊळ प्रियोळला असले तरी मंगेश मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. मूळ जागा सगळ्या गोव्यातल्या जुन्या सासष्टीत, नव्या सगळ्या झुआरीपलीकडच्या अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्यात. सोळाव्या शतकात सासष्टी पोर्तुगीजांकडे होती आणि तिथली देवळे पाडली जात होती; अंत्रुज आदिलशाहीत होते. या देवांना आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या मुलखात, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही.

‘इन्क्विझिशनने देवळे पाडली’ असे सर्रास म्हणतात. त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. जुने गोवे ज्यात येते त्या तिसवाडीतली देवळे 1540 मध्येच जमीनदोस्त झाली होती. बाप वारलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याचा हुकूम निघाला 1559 मध्ये. ही कामे पोर्तुगीज सरकारची आणि मिशनऱ्यांची. इन्क्विझिशन गोव्यात आले त्यानंतर, 1560 मध्ये. ते धर्मन्यायालय होते आणि त्याचा मुख्य रोख बाप्तिस्मा झालेल्यांवरच होता.

त्याचे मूळ पोर्तुगालात आहे. तिथे 1497 मध्ये ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले गेले, आणि हे ‘नवे ख्रिस्ती’ घरात जुनाच धर्म पाळतात या संशयावरून 1536 मध्ये हे न्यायालय उभे राहिले. त्यातले बरेच जण गोव्यात आले. जेझुइट या ख्रिस्ती संघाचा मिशनरी फ्रान्सिस झेवियर याने 1546 मध्येच राजाला पत्र लिहून गोव्यासाठी इन्क्विझिशन मागितले होते. ते सुरू झाले तेव्हा तो हयात नव्हता.

वैद्य गार्सिया द ऑर्ता हा अशाच नव्या ख्रिस्त्यांपैकी. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. 1568 मध्ये तो सुखाने गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळले, आणि 1580 मध्ये त्याची हाडे उकरून तीही जाळली.

जुन्या गोव्यात आदिलशहाच्या वाड्यातच हे न्यायालय बसे. लोक त्याला ‘व्हडलें घर’ म्हणत. पुढे फास आवळला गेला तो बाटलेल्या गोवेकरांभोवती. 1736 च्या जाहीरनाम्यात अंगणातल्या तुळशीलाच नव्हे, तर मीठ न घालता भात शिजवण्यालाही बंदी आहे. भाताचे आधण आपल्या मिठासह न्यायालयाच्या कक्षेत आले! 1774 पर्यंतच्या खटल्यांची संख्या 16,000 च्या वर जाते. 1812 मध्ये न्यायालय कायमचे बंद झाले आणि त्याची बहुतेक दप्तरे जाळून टाकली गेली.

सासष्टीतल्या कुंकळ्ळी गावची हकीकत मात्र दप्तरावर अवलंबून राहिली नाही. देवळे पाडल्याचा राग धुमसत होता. 1583 च्या जुलैत गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यातला रुदोल्फो आक्वाविवा नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. मग बोलणी करायची म्हणून गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि कापून काढले. एकटा नदीत उडी टाकून निसटला, असे सांगतात. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली. दरवर्षी फाल्गुनात बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा छत्र्या घेऊन ती गुलाल उधळत कुंकळ्ळीला येते. मिरवणूक पाहायला गावातले ख्रिस्तीही उभे असतात, कारण त्यांतल्या कित्येकांचे वांगड त्या बारांतलेच आहेत.